चित्रतुरग आणि सेत्सुको : ॲनिमेशनपटातील विश्वसनीयतेचा नैतिक प्रश्न

श्रीशंकुकाचा मूळ ग्रंथ आज उपलब्ध नाही. अभिनवगुप्ताने 'अभिनवभारती'त खंडनासाठी त्याचे जे म्हणणे नोंदवले, त्यावरच आपली मुख्य भिस्त आहे. तरीही त्याचा चित्रतुरग काव्यशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याच्या परिचयाचा असतो. चित्रातील घोडा पाहून 'हा घोडा' अशी जी प्रतीती येते ती यथार्थ ज्ञान नव्हे, भ्रम नव्हे, संशय नव्हे आणि निव्वळ सादृश्यज्ञानही नव्हे. नटाला पाहून 'हा राम' अशी येणारी प्रतीती याच जातीची आहे, असे शंकुकाला म्हणावयाचे होते. घोडा त्याच्या दृष्टीने केवळ दृष्टांत होता. विवेचनाचा विषय होता नट.

ॲनिमेशनपटात दृष्टांतच विषय होऊन बसतो. भट्टतौताने शंकुकाला अडवले होते ते असे, की प्रेक्षकाला दिसतो तो नटाचा देह, त्याने चढवलेला शिरोवेष, त्याचे रोमांच. या जड गोष्टी रामाच्या चित्तवृत्तीचे अनुकरण कशा ठरतील? येथे तर तो देहही नाही. हाडामांसाच्या नटाला काही गोष्टी आयत्या मिळालेल्या असतात : त्याचे वजन, त्याचा थकवा, श्वासाबरोबर हलणारे खांदे. रेषेला काहीच आयते मिळत नाही. पात्राची पापणी लवते ती कोणीतरी ती लववायचे ठरवले म्हणून. भिंतीवरचा ओलाव्याचा डागही कोणाच्या तरी निर्णयाने पडलेला असतो. 'कॅमेऱ्यात सहज आला' असे त्याच्याविषयी म्हणता येत नाही. त्यामुळे पात्र आणि परिसर विश्वसनीय करणे ही येथे केवळ कौशल्याची बाब राहत नाही. जे दाखवले आणि जे बदलले, त्या सर्वांचे उत्तरदायित्व कर्त्याकडे येते. वॉल्ट डिस्नेच्या 'बाम्बी'साठी (१९४२) हरणाची जिवंत पाडसे स्टुडिओत आणून त्यांचा अभ्यास करण्यात आला. मग त्या शास्त्रशुद्ध सांगाड्यावर मानवी बालकाच्या प्रमाणांचा चेहरा बसवला गेला. निरीक्षण खरे, पण ते लडिवाळपणाच्या सेवेला लावलेले. या प्रकाराला खोटेपणा म्हणावे का? प्रस्तुत लेखकाला तसे म्हणवत नाही, पण तो प्रश्न मनातून जातही नाही.

हाच प्रश्न इसाओ ताकाहाता (१९३५–२०१८) यांच्या 'होतारु नो हाका' म्हणजे 'काजव्यांचे थडगे' (१९८८) या चित्रपटात फार कठोर रूप धारण करतो. १९४५च्या जूनमध्ये कोबे शहरावर आगलावे बाँब पडतात. आई होरपळून मरते. चौदा वर्षांचा सेइता आणि चार वर्षांची सेत्सुको एका नातेवाईक बाईच्या घरी आश्रयाला येतात. तिच्याशी पटत नाही म्हणून एका तळ्याकाठच्या ओसाड खंदकात राहू लागतात. आणि तेथे सेत्सुको उपासमारीने मरते. काही आठवड्यांनी सेइताही रेल्वे स्थानकात मरतो. चित्रपट सुरू होतो तो याच मृत्यूने.

आई गेल्याचे सेइताला कळले आहे, सेत्सुकोला अजून नाही. ती शाळेच्या मैदानात उकिडवी बसून रडू लागते. सेइताला काय बोलावे सुचत नाही. तो व्यायामाच्या आडव्या दांडीवर चढून गिरक्या घेऊ लागतो. सांत्वन म्हणून हे विचित्रच. त्याने तिचे रडे थांबत नाही. पण चौदा वर्षांच्या मुलाजवळ त्या क्षणी देण्यासारखे काय असते? दांडीवर फिरणाऱ्या देहाचे वजन रेखाटकांनी इतके अचूक साधले आहे, की रेषांच्या त्या आकृतीला मन आहे याविषयी शंकाच उरत नाही. शंकुकाच्या परिभाषेत सांगायचे तर अनुमानाचे लिंग कृत्रिम आहे आणि अनुमिती मात्र खणखणीत आहे. (नट अगदीच अनुपस्थित आहे असे नाही : सेत्सुकोचा आवाज एका लहान मुलीचाच आहे. जपानी प्रथेच्या उलट तिचे संवाद आधी मुद्रित करून त्यांवरून चित्रे काढली गेली. आवाजाने रेषेला मागे ओढत नेले आहे.)

अभिनवगुप्ताने रसविघ्नांची जी यादी दिली तिच्यात पहिले विघ्न आहे संभावनाविरह : जे दाखवले ते संभवनीयच न वाटणे. आज आपण 'विश्वसनीयता' म्हणतो तिचा अभाव तो हाच. लोकसामान्य वस्तू असेल तर हृदयसंवादाने आणि लोकोत्तर चरित्र असेल तर रामादी प्रख्यात नावांमुळे हे विघ्न दूर होते, असे तो सांगतो. सेइता प्रख्यात नाही. म्हणून त्याच्याबाबत पहिला मार्गच उरतो. येथवर सिद्धांत आणि चित्रपट यांचे जुळते. अडचण येते ती दुसऱ्या विघ्नाशी. देशकालाच्या विशेषात, स्वतःच्या वा परक्याच्या, गुंतून पडणे हे अभिनवगुप्ताच्या मते रसास्वादाला बाधक आहे. ताकाहाता तर विशेषांचा ढीगच रचतात : हे शहर, हा महिना, हीच साकुमा कंपनीच्या गोळ्यांची डबी. गोळ्या संपल्यावर सेइता तीत पाणी घालून खळखळवतो आणि उरलासुरला गोडवा सेत्सुको पिते. स्वतः ताकाहाता वयाच्या नवव्या वर्षी, जून १९४५च्या अखेरीस ओकायामावरील हल्ल्यातून अनवाणी पळून वाचले होते. ज्वाळांचा रंग ते कल्पनेने ठरवत नव्हते. आणि आपला अनुभव असा, की या विशेषांमुळे रसभंग होत नाही. मग सिद्धांत चुकला काय?

मला वाटते, येथे सिद्धांताहून वेगळेच काहीतरी घडते. साधारणीकरणाने सेत्सुकोचे दुःख कोणाचेही नसलेले, म्हणून सर्वांचे, असे होऊ पाहते. ती डबी, तो खंदक त्या क्रियेला सतत अटकाव करतात. हे दुःख तुझे नाही, तिचे आहे, असे परिसर आपल्याला बजावत राहतो. रा. भा. पाटणकरांनी 'सौंदर्यमीमांसे'त (१९७४) लौकिकतावाद आणि अलौकिकतावाद अशी जी दोन टोके चर्चिली, त्यांच्यामध्ये हा चित्रपट आपल्याला स्थिर बसू देत नाही. करुणाचा आस्वाद घेताना आपण एका मृत बालिकेचा वापर तर करत नाही ना, ही बोचणी तो कायम ठेवतो.

ही बोचणी मूळ कथालेखकाची होती. आकियुकी नोसाका (१९३०–२०१५) यांची कथा १९६७ साली प्रसिद्ध झाली. तिचा आधार आत्मचरित्रात्मक आहे. त्यांची दत्तक बहीण १९४५च्या ऑगस्टमध्ये उपासमारीने गेली, तेव्हा ती दीड वर्षाचीही नव्हती. आपण सेइतासारखे प्रेमळ नव्हतो, तिच्या वाट्याचे अन्न आपण खाल्ले, ती रडे तेव्हा तिला मारले, हे नोसाकांनी पुढे उघडपणे लिहिले. म्हणजे कथेतला भाऊ हा एका अपराध्याने स्वतःसाठी घडवलेला, व्हायला हवा होता असा भाऊ आहे. आणि ताकाहातांच्या चित्रपथकाने सगळे निरीक्षण, सगळी चिकाटी पणाला लावून विश्वसनीय केला तो हा, कधीही अस्तित्वात नसलेला भाऊ. विश्वसनीयता जितकी अधिक, तितकी ती दीड वर्षाची मुलगी अधिक अदृश्य. सेत्सुको बोलते, हट्ट करते, मेलेले काजवे पुरते. त्या मुलीला हे काहीच करण्याचे वय मिळाले नव्हते.

या आरोपाला उत्तर आहे, असे मला निःशंकपणे म्हणता येत नाही. अर्धे उत्तर मात्र चित्रपटातच आहे. आपला चित्रपट युद्धविरोधी म्हणून पाहिला जावा हे ताकाहातांना मान्य नव्हते. समाजाशी संबंध तोडून बहिणीसह वेगळे जग थाटणाऱ्या मुलाकडे त्यांना लक्ष वेधायचे होते. त्यामुळे सेइता निष्पाप बळी ठरत नाही. ती नातेवाईक बाई कजाग आहे, मुलांच्या आईचे किमोनो विकून आलेल्या तांदळाचा मोठा वाटा ती आपल्या माणसांना वाढते. पण सेइता काम करत नाही, शाळेत जात नाही, पडून वाचत राहतो, हे तिचे म्हणणे खोटे नाही. एक शेतकरी त्याला परत जाऊन तिची क्षमा मागायला सांगतो. तो जात नाही. आईचे बँकेतले पैसे शिल्लक असतानाही जात नाही. पहिल्यांदा पाहताना राग त्या बाईचा येतो. पुन्हा पाहताना तो सेइताकडे वळतो, आणि तेव्हा लाज वाटते. रेखाटलेल्या मुलाला आपण दोष देऊ शकतो, ही त्याच्या विश्वसनीयतेची दयेपेक्षा मोठी खूण आहे. नोसाकांनी सेइताला आपला अपराध दिला नाही. ताकाहातांनी त्याला अपराधाची पात्रता तरी ठेवली.

एप्रिल १९८८मध्ये चित्रपट प्रदर्शित झाला तेव्हा काम पुरे झालेले नव्हते. काही तुकडे रंगाविना, नुसत्या रेषांत दाखवावे लागले. रंगवलेली आवृत्ती नंतर बसवण्यात आली. त्या अपुऱ्या तुकड्यांत भाजीची चोरी करताना सेइता पकडला जातो तो प्रसंगही होता. मार खाणारा मुलगा पांढऱ्यावर काढलेल्या काही रेषा आहे, हे तेथे लपवायला काहीच नव्हते. त्या दिवशी चित्रपटगृहात बसलेल्यांना तो मार लागला असेल का, आणि लागला असेल तर चित्रतुरगाची पाचवी कोटीही तेथे अपुरी पडते का, हे शंकुकाला विचारावेसे वाटते.