मोटर चालू, पाणी नाही

तळेगाव-चाकण रस्त्यावरच्या इंदुरीत, इंद्रायणीच्या काठी सरसेनापती दाभाड्यांची गढी आहे. तिथून जवळच एका म्हाताऱ्या शेतकऱ्याची ५ एचपीची मोटर होती, आणि घरी सर्व्हर सांभाळणारा नातू.

नातवाकडे दूध डेअऱ्यांचं काम. डेअरीवर लिटर आणि फॅट नोंदवलं की शेतकऱ्याच्या मोबाइलवर मेसेज जायचा. सर्व्हरवर त्यानं एक छोटी स्क्रिप्ट राखणीला बसवली होती. ती दर मिनिटाला चालू प्रोसेसची यादी बघायची. यादीत ॲपचं नाव असलं की हिरवा दिवा, नसलं की ॲप पुन्हा सुरू.

एका सकाळी दिवा हिरवाच, पण मेसेज एकालाही नाही. "माझ्याकडं तर सगळं चालू दिसतंय," नातू प्रत्येक फोनवर सांगत होता. या उत्तरानं आजवर कुठल्या गिऱ्हाइकाचं समाधान झालंय?

तेवढ्यात लाइट आली. आजोबांनी त्याला मोटर चालू करायला पिटाळलं. तो गेला, स्टार्टरचं बटण दाबलं, घरघर ऐकली आणि परत आला.

"पाणी आलं का रं?"

"मोटर चालू आहे की."

"मी मोटरचं न्हाई इचारलं."

दोघं उसात गेले. पाइपाचं तोंड कोरडं. आजोबांनी आधी मोटर बंद केली. पंप कोरडा फिरला तर सील जातं. नदीतला फुटव्हॉल वर ओढला, तर झडपेत काटकी अडकलेली. पाइपातलं पाणी उतरून पंपानं हवा धरली होती. काटकी काढली, पंपात बादलीनं पाणी ओतलं, बटण दाबलं. मग आजोबा मोटरपाशी थांबलेच नाहीत, थेट पाइपाच्या तोंडाशी गेले. "मोटर फिरती का, त्ये मोटरपाशी कळतं," ते म्हणाले. "पानी येतंय का, त्ये हितंच बघाय लागतं."

नातवानं घरी येऊन लॉग उघडला. डेटाबेसकडं जाणारी सगळी कनेक्शनं अडकलेली, नोंदी रांगेत ताटकळलेल्या. मेलेली प्रोसेस यादीतून जाते. अडकलेली नावानिशी तिथंच बसून राहते.

आता त्याची स्क्रिप्ट दर मिनिटाला एका चाचणी खात्यावर लिटरभर दूध नोंदवते आणि मेसेजची वाट बघते. १० सेकंदांत आला नाही, तर नातवाचा फोन वाजतो. ते लिटरभर दूध महिन्याच्या हिशेबातून वगळायला मात्र विसरायचं नाही.