साहेबांजवळचं टेबल

मी कॉमर्सचा पदवीधर. आकाशाशी माझा संबंध कोजागरीपुरता, तोही दुधामुळे. पण परवा चिरंजीवांनी एका ग्रहाची हकिगत सांगितली आणि माझी झोप उडाली.

ध्रुवमत्स्यात बेकदू नावाचा एक तारा आहे, सूर्यापेक्षा वजनदार. त्याच्याभोवती फिरणाऱ्या ग्रहाचं नाव हल्ला. (मारामारीचा संबंध नाही. कोरियातल्या दोन पर्वतांची ही नावं. ग्रह २०१५ साली तिथल्याच शास्त्रज्ञांनी शोधला.) अंगानं आपल्या गुरूपेक्षाही भारी, आणि राहतो मात्र पृथ्वी-सूर्य अंतराच्या निम्म्याहूनही जवळ. एक फेरी ९३ दिवसांत, म्हणजे आमच्या तिमाहीएवढं त्याचं वर्ष!

आता असा तारा उतारवयात पोटातला हायड्रोजन संपला की फुगतो. माणसंही फुगतात, पण शेजाऱ्याला गिळत नाहीत. निदान सगळीच नाहीत. म्हणून अशा ताऱ्यांच्या इतक्या जवळ मोठे ग्रह क्वचितच सापडतात. बेकदूच्या थरथरण्यावरून २०२३ साली कळलं की तो सध्या हेलियम जाळतोय. म्हणजे फुगून, पुन्हा आक्रसून झालेलं! आणि फुगला तेव्हा हिशेबानं तो हल्लाच्या कक्षेच्याही पलीकडे जायला हवा होता. खातं बंद. तरी ग्रह शिल्लक!

"कसा काय वाचला?"

"एक अंदाज असा बाबा, की मुळात ते दोन तारे होते. ते एकमेकांत विलीन झाले, त्यात फुगणं अर्धवट राहिलं."

विलीन म्हटल्यावर मी सावरून बसलो. २०२० साली दहा सरकारी बँकांच्या चार झाल्या, त्यात आमचीही होती. त्याआधी माझं टेबल साहेबांच्या केबिनला लागून. साहेब तेव्हा भराभर वर चढत होते. एका व्हाउचरवरून शेजारच्या टेबलावरच्या मित्राला मेमो मिळाला. ते व्हाउचर साहेबांच्याच तोंडी हुकमावरून पास झालं होतं. मी कानांनी ऐकलं होतं. चौकशीत विचारलं तेव्हा म्हणालो, "मी कॅश मोजत होतो." मित्राची लांब बदली झाली. पुढचा नंबर माझाच लागायचा, तेवढ्यात विलीनीकरण आलं, साहेब परगावी गेले, मी जागच्या जागी. नवी पोरं कौतुकानं म्हणतात, "काका, तुम्ही भलतेच चिवट हो!" मीही मान डोलावतो. चहाही पाजतात.

"पण त्या ग्रहानं स्वतः काय केलं?" मी विचारलं.

"काही नाही. ग्रह काय करणार?"

"मग दुरून मागाहून येऊन बसला असेल."

"तसं वाटत नाही. कक्षा जवळजवळ गोल आहे त्याची."

"म्हणजे हे सगळं चाललं होतं तेव्हा तो तिथंच होता?"

"बहुधा."

मी विषय बदलला. तिमाही संपायला चार दिवस उरले होते, आणि मित्राच्या फोनला उत्तर द्यायचं दिवाळीपासून राहिलंय.