आपले कोण, परके कोण?



घरातले माणूस धोक्याच्या कामावर निघाले की उंबरठ्यावर एक प्रश्न उभा राहतो : "आणि आमचं काय?" २०२० साली कोविडच्या दिवसांत परिचारिका, वॉर्डबॉय आणि आशाताई यांच्या घरोघरी हा प्रश्न विचारला गेला. तो विचारणाऱ्या आईचे किंवा नवऱ्याचे चुकले, असे मला म्हणवत नाही. या प्रश्नाकडे आज आपण एका प्रापंचिक ख्रिस्ती माणसाच्या जीवनातून पाहू या. त्यांचे नाव डॉ. कार्लो उर्बानी.

इटलीतील अँकोनाजवळच्या कास्तेलप्लानियो या गावी १९५६ साली त्यांचा जन्म झाला. तरुणपणापासून गोरगरिबांच्या सेवेची त्यांना ओढ होती आणि त्या ओढीचे मूळ त्यांच्या श्रद्धेत होते. डॉक्टर होऊन त्यांनी संसर्गजन्य रोगांचा अभ्यास केला. त्यांची पत्नी जुलियाना. त्यांना तीन मुले. इटलीत त्यांचे चांगले बस्तान होते. पण बायकामुलांना घेऊन ते कंबोडियात गेले. ज्या डॉक्टरांच्या संघटनेबरोबर ते तिथे गेले, तिला १९९९ साली शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्या वेळी संघटनेच्या इटलीतील शाखेचे ते अध्यक्ष होते. पुढे जागतिक आरोग्य संघटनेच्या कामासाठी ते व्हिएतनामची राजधानी हनोई येथे राहू लागले.

त्यांचे काम काय होते? माणसाच्या शरीरातले जंत! ऐकून हसू येईल. पण जंत झालेले मूल अशक्त राहते, त्याचे रक्त कमी होते, ते अभ्यासात मागे पडते. त्यावर स्वस्तातली गोळी आहे. ती पोहोचवणारा माणूस हवा. आपल्या शाळांतही २०१५ पासून राष्ट्रीय जंतनाशक दिनी मुलांना अशी गोळी दिली जाते. गोळी गिळून मुले खेळायला पळतात. गोळी वाटणाऱ्या ताईचे नाव कुणाच्या लक्षात राहत नाही. सार्वजनिक आरोग्याचे काम असेच असते. बरा झालेला रोगी डॉक्टरांचे पाय धरतो. जो आजार झालाच नाही, त्याबद्दल कोण कुणाचे आभार मानणार? एका हाताने दिलेले दान दुसऱ्या हाताला कळू नये, असे प्रभू येशू सांगतो. या लोकांचे सारे आयुष्यच तसे गुप्तदान असते.

२८ फेब्रुवारी २००३ रोजी हनोईच्या एका इस्पितळातून डॉ. उर्बानींना बोलावणे आले. एका परदेशी व्यापाऱ्याला विचित्र न्यूमोनिया झाला होता. पाठोपाठ तिथल्या परिचारिका आणि डॉक्टर आजारी पडू लागले. हा नवाच रोग आहे, हे डॉ. उर्बानींनी ओळखले. ते रोज इस्पितळात जात, नमुने गोळा करत, मास्क वापरायला शिकवत, रोग्यांना वेगळे ठेवायला लावत.

आणि घरी तोच प्रश्न उभा राहिला. तीन मुलांच्या बापाने असा धोका पत्करू नये, असे जुलियानाने त्यांना बजावले. अशा वेळी काम करायचे नाही, तर मी इथे आहे तरी कशाला, नुसती पत्रोत्तरे लिहायला आणि समारंभांना जायला का, अशा अर्थाचे उत्तर त्यांनी दिले.

कोण बरोबर होते? मी सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकत असताना संत थॉमस अक्वायनस यांचा एक विचार वाचला होता. प्रेमाला क्रम असतो, असे ते म्हणतात. घरच्या माणसांचा आपल्यावर पहिला हक्क आहे. म्हणजे जुलियाना चुकीचे बोलत नव्हती. पण संत थॉमस तिथेच थांबत नाहीत. परका माणूस अगदी शेवटच्या टोकाला आलेला असेल आणि आपल्या माणसाची गरज तेवढी निकडीची नसेल, तर आधी परक्याकडे धावावे, असेही ते सांगतात. चांगल्या शोमरोनी माणसालाही घरदार असेलच. तरीही तो वाटेत थांबला.

११ मार्चला डॉ. उर्बानी विमानाने बँकॉकला गेले. वाटेतच त्यांना ताप भरला. विमानतळावर भेटलेल्या सहकाऱ्याला त्यांनी जवळ येऊ दिले नाही. रुग्णवाहिका येईपर्यंत दोघे अंतर ठेवून बसून राहिले. दुसऱ्याच दिवशी, १२ मार्चला, जागतिक आरोग्य संघटनेने साऱ्या जगाला सावध केले. 'सार्स' हे त्या रोगाचे नाव. इस्पितळात त्यांनी धर्मगुरूंना बोलावून शेवटचे संस्कार मागितले आणि आपल्या फुप्फुसाचा अंश संशोधनासाठी ठेवण्यास सांगितले. २९ मार्च २००३ रोजी, वयाच्या ४६ व्या वर्षी, त्यांनी देह ठेवला. त्यानंतर महिन्याभरातच, २८ एप्रिलला, व्हिएतनाम सार्सला आवर घालणारा पहिला देश ठरला. जगभरात त्या साथीने ७७४ जणांचे बळी घेतले. लवकर इशारा मिळाला नसता तर आणखी किती गेले असते, ते देवच जाणे.

बंधू-भगिनींनो, इथे टाळ्या वाजवून थांबणे सोपे आहे. पण तीन मुलांचे वडील गेले, हेही तितकेच खरे आहे. 'देवाची इच्छा' म्हणून मी त्यावर पडदा टाकणार नाही. प्रभूच्या क्रुसापाशीही एक आई उभी होती, आणि तिचे दुःख कुणी खोटे ठरवले नाही. उलट, मरता मरता प्रभूने तिला आपल्या शिष्याच्या हाती सोपवले, आणि त्या शिष्याने तिला आपल्या घरी नेले.

"आमचं काय?" या प्रश्नाचे ख्रिस्ताने दिलेले उत्तर ते हेच. जो परक्यांसाठी जातो, त्याची माणसे ख्रिस्तसभेने आपली मानायची असतात. कोविडच्या काळात रात्रपाळीवरून आलेल्या परिचारिकेच्या घरी आपल्यापैकी किती जणांनी जेवणाचा डबा पाठवला? आणि किती जणांनी तिला पाहून खिडकी लावून घेतली? हा प्रश्न मी आधी स्वतःलाच विचारतो.

येत्या आठवड्यात एवढे करू या. पोलिओच्या डोसासाठी किंवा तपासणीसाठी कुणी ताई दारात आली, तर तिला बसायला खुर्ची आणि प्यायला पाणी देऊ. आपल्या वाडीत इस्पितळात काम करणारे कुणी असेल, तर त्यांच्या घरी जाऊन म्हाताऱ्या आईची, लहान मुलांची विचारपूस करू. निघताना त्या माणसाला कळू द्या की मागे आपण आहोत.

हे प्रभो, दुसऱ्यांच्या आरोग्यासाठी झटणाऱ्यांना सुखरूप घरी आण. आणि जे परत आले नाहीत, त्यांच्या मुलाबाळांना आमच्या घरात जागा दे. आमेन.