जोहार कुणाचा?

‘जोहार’ हा शब्द आपण टाकला. आपला आजा-पणजा ‘जोहार मायबाप’ म्हणत पाटलाच्या दारात वाकायचा. त्या वाकण्यासकट आपण तो शब्द फेकून दिला, ‘जय भीम’ घेतला. बरंच केलं. पण 9 ऑगस्टला पालघर जिल्ह्यातली आदिवासी पोरं छाती काढून तोच शब्द एकमेकांना घालतात, तेव्हा आपल्या कपाळाला आठी का पडते?

माझ्या एका वारली दोस्ताचं घर नालासोपाऱ्यात, चाळीत. मूळ पाडा महामार्गापलीकडे. दोस्त हल्ली वारली बोली शिकतोय, वहीत शब्द लिहून. आजीला विचारलं की ती मराठीतच सांगते, “नको रे बाबा. ती बोली तोंडातून निघाली की बाजारात आम्हाला मापात मारायचे. तुझ्या बापाला मी मुद्दाम नाही शिकवली.” पोरगं चिडतं. म्हणतं, आजीला स्वतःचीच लाज वाटते.

इथं माझं त्याच्याशी वाजलं. लाज कसली? लग्नासाठी चार पैसे घ्यायचे नि मालकाच्या वाडीत जन्मभर राबायचं, लग्नगडी म्हणत अशा माणसाला. 1976 साली वेठबिगारीविरुद्ध कायदा झाला, तरी वसई तालुक्यात माणसं गहाणच. 1982 साली श्रमजीवी संघटना उभी राहिली ती याच प्रश्नावर. त्या काळातल्या बाईनं पोरापासून बोली लपवली, तर ते तिचं बंडच. 1927 साली महाडला बाबासाहेबांचं ऐकून आपल्या पणज्यांनी लुगडं नेसायची तऱ्हा बदलली. त्याला आपण लाज म्हणतो काय?

मग पोरगं चुकतं? तेही नाही. शाळेत त्याच्या बोलीला ‘अशुद्ध मराठी’ म्हणतात. घटनेच्या आठव्या अनुसूचीत 22 भाषा, त्यात आदिवासींच्या संथाळी नि बोडो एवढ्याच, त्याही 2003 च्या दुरुस्तीनं आलेल्या. आणि हेही ऐका. वारल्यांचं लग्न धवलेरी बाई लावते, गाणी गाऊन, त्याच बोलीत. भट लागत नाही. आपल्याला ते लढून मिळवावं लागलं; आणि आपणच त्यांना मागासलेले म्हणायचं!

पण दोस्ताची वही मी चाळली. कणसरी, तारपा, हिरवा देव, जोहार. सगळे मिरवायचे शब्द. भुकेचा एक नाही. म्हटलं, “आजीकडं गाणी मागू नकोस. पोट कसं भरलं ते विचार.”

त्यानं विचारलं. पावसाळ्यात कडूकंद कसे चिरायचे, राख घालून कसे उकडायचे, वाहत्या पाण्यात कसे ठेवायचे, म्हातारी सांगत गेली. सांगता सांगता मराठी सुटली. बाप उंबऱ्यात उभा होता. निम्मे शब्द त्याला लागत नव्हते, आणि लेकाला विचारायची त्याला लाज वाटत होती.