लक्षण आणि निर्णय

वस्तू ओळखावयाची तर तिचे निर्दोष लक्षण सांगता आले पाहिजे, असे आपले नैयायिक मानीत. ‘कपिल वर्णाचा पशू ती गाय’ म्हटले तर काळी गाय वगळली जाते, ही अव्याप्ती. ‘शिंगे असलेला पशू’ म्हटले तर म्हैसही आत शिरते, ही अतिव्याप्ती. ‘अखंड खुराचा पशू’ म्हटले तर एकही गाय सापडत नाही, हा असंभव.

ही कसोटी आज कीटकशास्त्रातही कशी उपयोगी पडते, हे उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागातील सिकाडा या कीटकावरून दिसेल. मुळांतील रस पीत हा जीव १३ किंवा १७ वर्षे भूमीखाली राहतो आणि मग लक्षावधींच्या संख्येने एकदम वर येतो. अंग काळे, डोळे तांबडे, पंखांवर इंग्रजी डब्ल्यूसारखी खूण. ही खूण युद्धाची सूचना होय, अशी तेथे लोकसमजूत होती. परंतु ती या गणातील सर्वच जातींत आढळते. म्हणून जातिभेद ठरविण्यास निरुपयोगी. तांबड्या डोळ्यांचेही तेच. शिवाय क्वचित निळ्या डोळ्यांचा कीटकही निघतो.

म्हणून अभ्यासक त्यास उलटा करून पोट पाहतात. सतरा वर्षांच्या तीन जातींपैकी सेप्टेन्डेसिमचे पोट रुंद नारिंगी पट्ट्यांचे असून डोळा व पंख यांच्यामध्येही नारिंगी ठिपका असतो; कॅसिनीचे पोट जवळजवळ काळे; सेप्टेन्डेक्युलाचे पट्टे अरुंद. तेवढ्यावरही ते थांबत नाहीत. नराचे गाणे ऐकतात, कारण प्रत्येक जातीचे गाणे निराळे. इ. स. २००० मध्ये निओट्रेडेसिम ही तेरा वर्षांची जात स्वतंत्र म्हणून वर्णिली गेली, तीही पोटाच्या रंगाबरोबर स्वराची उंची व आनुवंशिक द्रव्य तपासून. हिच्यात आणि सेप्टेन्डेसिममध्ये मात्र रूपाने वा स्वराने भेद करता येत नाही. भेद केवळ आयुर्मर्यादेचा. तेथे निर्णयासाठी काळाचीच साक्ष घ्यावी लागते.

बाह्य लक्षणे त्याज्य आहेत, असे आम्ही म्हणत नाही. त्यांवाचून व्यवहार चालणार नाही. न्यायालयातही चेहऱ्याची ओळख हा पुरावाच असतो. परंतु सुज्ञ न्यायाधीश त्यास दुजोरा मागतो आणि पक्षकाराचे म्हणणे ऐकल्यावाचून निकाल देत नाही.

किड्याची जात ठरविताना जर इतकी सावधगिरी, तर कैमुतिक न्यायाने मनुष्याच्या बाबतीत ती किती हवी! आणि आपण काय करतो? देवळाच्या सभामंडपात नवखा गृहस्थ आला, की त्याचे आडनाव, बोलण्यातील हेल, गंध लावण्याची तऱ्हा एवढ्यावरून त्याचे कूळ, शील आणि पंक्तीतील जागा मनोमन ठरवून मोकळे होतो. आडनावात अतिव्याप्ती आहे, हेलात अव्याप्ती आहे. आणि शील कपाळावर वाचता येईल, हा तर शुद्ध असंभव. चुकीचे नाव दिल्याने कीटकाचे काही बिघडत नाही. मनुष्याचा मात्र जन्मभराचा मान जातो.

प्रथमदर्शनी तर्क मनात उठणारच. तो आवरणे आपल्या हाती नाही. त्या तर्काला निकालाचे रूप न देणे मात्र सर्वस्वी आपल्या हाती आहे. आलेल्या माणसाला आधी बसावयास सांगावे, त्याचे बोलणे ऐकावे, आणि त्याचे आचरण दिसेपर्यंत निर्णय राखून ठेवावा. आमच्या मते हा केवळ शिष्टाचार नव्हे. हा धर्म आहे.