उन्हं वर येऊ द्या

निफाडच्या द्राक्षबागांत थंडीच्या पहाटे शेकोट्या पेटतात. पारा कधी 5 अंशांच्याही खाली उतरतो. बागेला एवढं जपणाऱ्या घरातले आजोबा मात्र चारलाच उठून गार फरशीवर अनवाणी हिंडतात. उतारवयात थंडी उशिरा जाणवते, अंग गारठलेलं कळतही नाही. रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब चढतो. आजोबा, फिरायला जरूर जा, पण उन्हं आल्यावर, कानटोपी घालून. तहान नसली तरी कोमट पाणी घ्या. बाजरीची भाकरी, तिळाची चटणी आहेच.

एक मात्र कळकळीनं सांगते. दारं-खिडक्या लावून खोलीत कोळशाची शेगडी ठेवून झोपू नका. तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. झोपेतच माणूस जातो. त्यापेक्षा नातवंडांनो, निजण्याआधी आजीच्या तळपायांना हात लावून बघा. गार लागले तर मोजे चढवा, वर गोधडी घाला.