काकडाचे पैसे

मुरबाड-शहापूरकडच्या पोरांना कॉलेजात नावं नसतात, गावं असतात. कल्याणच्या कॉलेजात एका बाकावर बसलेले चौघे मित्र अजूनही एकमेकांना धसई, सरळगाव, खर्डी आणि वासिंद अशाच हाका मारतात. त्यांतल्या खर्डीला बढती मिळाली आणि त्यानं पार्टी जाहीर केली. सरळगावनं लगेच विचारलं, "आसनगावच्या हायवेवरचे ढाबे बंद पडले का?" पण खर्डी लोअर परळच्या ऑफिसात बसणारा. साहेबलोक जिथे जातात तिथेच मित्रांना न्यायचं, असं त्यानं मनाशी धरलेलं. हॉटेलच्या दारावर लिहिलं होतं, 'मॉडर्न लॅटिन फ्यूजन'.

जूनचा पहिला आठवडा. वळवाच्या दोन सरी पडून गेलेल्या. खर्डी आणि वासिंद कसारा लोकलनं आले, मुरबाडकर दोघे एसटीनं कल्याण गाठून पुढे. मुरबाडला रेल्वे येणार, हे ऐकत एक पिढी म्हातारी झाली, पण तो विषय वेगळा.

टेबलाशी बसल्यावर वेटरनं विचारलं, काचेच्या बाटलीतलं पाणी आणू का? किंमत ऐकून वासिंद म्हणाला, "नळाचंच आण. ते आमच्याच तालुक्यातलं आहे." वेटर हसला. त्याला विनोद वाटला. तानसा तलाव १८९२ पासून मुंबईला पाणी पाजतोय, पुढे भातसा आलं, आणि दोन्ही धरणं शहापूर तालुक्यातच. त्याच तालुक्यातले पाडे मे महिन्यात टँकरची वाट बघत हंडे मांडून बसतात. धरण बांधताना पाणी कुठून आणायचं याचा बारीक हिशेब झाला, काठावर कोण राहतं याचा फारसा झाला नाही.

खाणं आलं. लिंबाच्या रसात मुरवलेली मासळी आली, तिला सेविचे म्हणतात. धसई म्हणाला, "कच्चीच आहे की." तरी सगळ्यांनी खाल्ली आणि ती बरी लागली. अवाकाडो ठेचून केलेली हिरवी चटणी आली. तिच्यातल्या मिरचीनं मात्र सगळ्यांना घरच्यासारखं वाटलं, आणि वाटणारच. मिरची मूळची तिकडचीच. पोर्तुगीजांच्या गलबतांतून ती हिंदुस्थानात उतरली आणि बघता बघता आमच्या पाट्यावर येऊन बसली. मिरचीला कृती लागत नाही. कशातही घाला, ती आपलं काम करते. सगळ्याच वस्तू इतक्या सोप्या नसतात.

मग आला 'सह्याद्री टाको'. मक्याची तळहाताएवढी भाकरी, तिची घडी, आणि घडीत तपकिरी-जांभळट अशी काहीतरी भाजी. धसईनं घडी उघडून पाहिली आणि तो गप्पच झाला. शेवळं! त्याची आई दर वर्षी याच दिवसांत रानातून शेवळं काढते, जुड्या बांधते आणि कल्याण स्टेशनच्या जिन्याखाली पाटी मांडून बसते. इथे एका ताटलीला जे पैसे लावले होते, तेवढ्यात तिची अर्धी पाटी रिकामी झाली असती.

पहिला घास छान लागला. दुसऱ्या घासाला सरळगावनं घसा खाकरला. तिसऱ्याला सगळ्यांचीच जीभ चुरचुरायला लागली. शेजारच्या टेबलावरच्या बाई बर्फ मागत होत्या. खर्डी कानकोंडा होऊन पुटपुटला, "मसाला वेगळा असेल रे. हळूहळू खा." बढतीच्या पार्टीत घसा खाजवणं त्याला शोभेना.

तेवढ्यात आचारीच बाहेर आला. तरुण, हसतमुख, पुण्याकडचा. मेक्सिकोत दोन वर्षं शिकून आलेला. पाहुणे मुरबाडचे आहेत कळल्यावर तो खुर्ची ओढून बसला. त्याला भाकरीबद्दल बोलायचं होतं, आणि बोलायला लागला की त्याला थांबवणं अवघड होतं.

"ही भाकरी मक्याच्या साध्या पिठाची नाही," तो म्हणाला. "वाळलेले दाणे चुन्याच्या पाण्यात शिजवायचे, रात्रभर तसेच ठेवायचे, सकाळी चोळून सालं काढायची, धुवायचं आणि मग ओलं दळायचं. तिकडच्या बायका हजारो वर्षं हेच करतात. कोलंबसानंतर युरोपात मका गेला, चुना गेला नाही. स्पेनमध्ये, उत्तर इटलीत गरीब लोक नुसत्या मक्यावर जगायला लागले. कातडी सोलून निघायला लागली, माणसं वेडी व्हायची, मरायची. १७३५ मध्ये एका स्पॅनिश डॉक्टरनं हा रोग लिहून ठेवला. पेलाग्रा. ज्या जीवनसत्त्वाच्या कमतरतेनं तो होतो, ते सापडायला १९३७ उजाडलं. मक्यात ते असतंच, पण चुन्याशिवाय अंगी लागत नाही. दोनशे वर्षं माणसं मेली, आणि उत्तर मेक्सिकोतल्या प्रत्येक चुलीवर होतं. कुणी विचारलंच नाही, की बाई, तुम्ही यात चुना का घालता?"

सगळे ऐकत राहिले. धसईनं पाण्याचा घोट घेतला, घसा जरा मोकळा केला आणि विचारलं, "शेवळांत काकड घातलं होतं का?"

"काय?"

"काकड. हिरवी फळं, बोराएवढी. जुडीबरोबर देतात."

आचारी विचारात पडला. शेवळं त्यानं स्वतः कल्याणला जाऊन आणली होती. "हो, एक मावशी देत होत्या खऱ्या. मी चावून पाहिलं, फारच आंबट-तुरट होतं. माझ्या टाकोत ते कुठे बसणार? मी त्यांच्या पाटीत परत..."

वाक्य तिथेच राहिलं. त्यानं समोरच्या ताटल्यांकडे पाहिलं. चारही ताटल्यांत टाको अर्धेच होते.

शेवळं सुरणाच्याच कुळातली. खाज त्यांच्या अंगातच असते, आणि काकडाच्या आंबट रसानं ती मारावी लागते. मुरबाडच्या रानात दोन्ही एकाच सुमाराला मिळतात आणि बायका दोन्ही एकाच पाटीत आणतात. शहरातली गिऱ्हाइकं बहुतेक वेळा निम्मंच घेतात.

आचारी मनानं साफ होता. त्यानं टाकोचे पैसे लावले नाहीत आणि पुढच्या सोमवारी, हॉटेलच्या सुट्टीला, तो धसईत हजर झाला. मित्राची आई पडवीत शेवळं निवडत होती. तिनं त्याला वरपासून खालपर्यंत नीट न्याहाळलं, काही बोलली नाही, पुढ्यात एक जुडी टाकली. "हाताला आधी तेल लाव." मग वरचं पान काढायचं, आतल्या दांड्याचा पिवळा भाग फेकायचा, उरलेलं बारीक चिरायचं, हे सगळं तिनं त्याच्याकडून करवून घेतलं. काकडं ठेचली, रस गाळला. त्यानं वही काढून विचारलं, "मावशी, किती शेवळांना किती रस?"

"खाज किती हाय त्यावर."

"ते कसं कळणार?"

"हाताला तेल नीट लावलं नाय ना? आता कळंल."

कळलं. तोवर सोडे घातलेली भाजी शिजत आली होती. आचारी पाटावर बसून दोनदा मागून जेवला.

जेवणानंतर त्याची नजर चुलीवर टांगलेल्या मक्याच्या कणसांवर गेली. बियाण्यासाठी ठेवलेली कणसं. त्यानं चुन्याची सगळी गोष्ट तिला सांगितली, रोगासकट. म्हातारीनं ती अर्ध्या हॉटेलनं ऐकली नव्हती इतकं लक्ष देऊन ऐकली, मधेच दोन प्रश्न विचारले आणि चंचीतून चुन्याची डबी काढून त्याच्यापुढे सरकवली. "बियाण्याचं एक कणीस मोडते. दाखव." तो मुक्कामाला राहिला. सकाळी दाणे धुतले, पाट्यावर वाटले, तव्यावर टाकले. तिनं तुकडा मोडून खाल्ला. "मऊ हाय. पण एवढीशी कशाला करता? माणसाचं पोट भरंल का?"

निघताना त्यानं हंगाम संपेपर्यंतचा सौदा मांडला. आठवड्याला वीस जुड्या, काकडासकट.

"जुडी कल्याणच्या भावानं," ती म्हणाली. "काकडं येगळी. त्यांचे दुप्पट."

मुलगा चमकला. "आये, काकडं तर तू सगळ्यांना फुकट देतेस!"

"देते की. यालाबी दिली होती. यानं पाटीत परत टाकली."

आचारी लालबुंद झाला. काही न बोलता त्यानं मोबाइल काढला. धसई म्हणजे २०१६ च्या डिसेंबरात राज्यातलं पहिलं कॅशलेस गाव म्हणून गाजलेली, तेव्हा इथे तरी अडचण येणार नाही असं त्याला वाटलं. म्हातारीनं मोबाइलकडे पाहिलंसुद्धा नाही. तळहात पुढे केला आणि म्हणाली, "रोख. आणि सुट्टे दे."